साठ क्रेडिट्सची पदवी : दोन वर्षांच्या लिबरल आर्ट्स शिक्षणाचा आढावा

अमेरिकेत दरवर्षी असोसिएट दर्जाच्या, म्हणजे दोन वर्षांच्या, साधारण दहा लाख पदव्या दिल्या जातात. त्यांतल्या जवळपास चाळीस टक्के पदव्या लिबरल आर्ट्स, सामान्य शिक्षण आणि मानव्यविद्या या एका गटातल्या असतात. ज्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांत, हे शिक्षण मिळते, तिथेच नर्सिंग, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती असे हमखास कामाला लावणारे अभ्यासक्रमही चालतात. तरीही एवढे विद्यार्थी निबंधलेखन, संख्याशास्त्र, इतिहास, जीवशास्त्राची एखादी प्रयोगशाळा आणि कलेचा इतिहास असा अभ्यास निवडतात. चार वर्षांच्या पदवीकडे नेणारा सर्वांत स्वस्त आणि सर्वांना खुला रस्ता तोच आहे, हे त्याचे मुख्य कारण. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका क्रेडिटमागे ४६ डॉलर शुल्क पडते. म्हणजे साठ क्रेडिट्सच्या पदवीचे शिक्षणशुल्क २,७६० डॉलर होते.

या पदवीच्या अटी कोणत्या, त्या कोणी ठरवल्या आणि त्या पुऱ्या करणाऱ्याला बदल्यात काय मिळते, हे तीन प्रश्न सुटे पाहिले तर हाती नुसती विषयांची यादी येते. एकत्र पाहिले की लक्षात येते, पदवीच्या अटी हा दुतर्फी करार असतो. विद्यार्थी साठ क्रेडिट्स पुरी करून आपली बाजू निभावतो. ती क्रेडिट्स पुढे मानली जातील आणि त्या अभ्यासातून तो शहाणा होऊन बाहेर पडेल, ही संस्थेची बाजू. अमेरिकेच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवात पहिली बाजू काटेकोरपणे लिहिली गेली, दुसरी मात्र बराच काळ मोघम राहिली. महाराष्ट्रात पदवी शिक्षणातून दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय आता झालेली असल्यामुळे हा अनुभव आपण नीट वाचायला हवा.

विद्यापीठाच्या पोटातून जन्म

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना चार वर्षांच्या शिक्षणाचे दोन टप्पे स्पष्ट दिसत होते. आधी भाषा, गणित, इतिहास, विज्ञान यांचा पाया आणि मग विशेष अभ्यास. १८९० च्या दशकात त्यांनी आपल्या विद्यापीठात ज्युनिअर कॉलेज आणि सीनिअर कॉलेज असे दोन भाग केले आणि १९०० च्या सुमारास पहिला टप्पा संपवणाऱ्यांना असोसिएट पदवी द्यायला सुरुवात केली. ज्यांना पुढे शिकायचे नाही त्यांना सन्मानाने थांबता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता.

१९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हार्पर यांच्याशी विचारविनिमय करून हायस्कूलच्याच इमारतीत विद्यापीठाच्या तोडीचे वर्ग सुरू केले. सहा विद्यार्थ्यांनी सुरू झालेले जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे आज चालू असलेले अमेरिकेतले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणासाठी पैसे मिळाले आणि कॉलेजांची दारे गजबजली. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने घराजवळची, कमी खर्चाची दोन वर्षांची कॉलेजे देशभर उभारावीत अशी शिफारस केली. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने आपला आराखडा आखला. शाळेतून वरच्या आठव्या हिश्श्यात येणारे कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात येणारे राज्य कॉलेजांत जातील आणि उरलेल्या सर्वांसाठी दोन वर्षांच्या कॉलेजांचे दार खुले राहील, तेथून पुढे विद्यापीठात जाण्याचा मार्गही असेल, अशी ती वाटणी होती.

या इतिहासातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या अडचणींच्या मुळाशी आहे. ही पदवी चार वर्षांच्या पदवीचा पहिला अर्धा भाग कापून तयार झाली. त्यामुळे शिकवायचे कम्युनिटी कॉलेजने आणि ते पुरेसे आहे की नाही हे ठरवायचे दुसऱ्याच विद्यापीठाने, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून राहिली.

साठचा हिशेब

असोसिएट इन आर्ट्स पदवीसाठी साधारणपणे साठ सेमिस्टर क्रेडिट्स लागतात. तीन महिन्यांच्या क्वार्टर पद्धतीत हाच आकडा नव्वद होतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे, दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास अभ्यास. या हिशेबाने साठ क्रेडिट्सना सुमारे २,७०० तास लागतात आणि त्यांतले १,८०० तास विद्यार्थ्याने स्वतः वाचण्या-लिहिण्यात घालवायचे असतात. पदवीच्या अटींतला हा सर्वांत मोठा भाग माहितीपुस्तकात ठळक दिसत नाही. आठवड्याला वीस-तीस तास नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची खरी ओढाताण इथे होते.

बाकीच्या अटी थोड्या आहेत. चारपैकी किमान २.० सरासरी, म्हणजे सर्व विषयांत मिळून ‘सी’ श्रेणी. १२ ते १५ क्रेडिट्स त्याच कॉलेजात केलेली असणे. ठरलेल्या काही विषयांत वेगळी किमान श्रेणी. आर्थिक मदतीसाठी सत्रात १२ क्रेडिट्स घेणारा पूर्णवेळ विद्यार्थी समजला जातो. बाराच्या वेगाने चार सत्रांत ४८ क्रेडिट्स होतात, साठ होत नाहीत. नियम पाळूनही विद्यार्थी दोन वर्षांत पदवी घेऊ शकत नाही, ही विसंगती लक्षात आल्यावर हवाईतून सत्राला पंधरा क्रेडिट्स घेण्याची मोहीम सुरू झाली आणि ती इतर राज्यांत पसरली. नियम आणि मदत यांची जोडणी एकाच टेबलावर बसून केली नाही तर असे होते.

काय शिकायचे

साठपैकी निम्मी ते तीन चतुर्थांश क्रेडिट्स सामान्य शिक्षणाची असतात. त्यांचा साचा बहुतेक राज्यांत सारखा आहे. इंग्रजी निबंधलेखनाचे दोन अभ्यासक्रम, कॉलेज पातळीचे गणित किंवा संख्याशास्त्र, प्रयोगशाळेसह नैसर्गिक विज्ञान, समाजशास्त्रांपैकी दोन-तीन विषय आणि साहित्य, तत्त्वज्ञान, कला यांपैकी दोन-तीन विषय. अनेक ठिकाणी भाषणकला, दुसरी भाषा किंवा आरोग्य यांची भर पडते. उरलेली क्रेडिट्स पुढच्या मुख्य विषयाच्या पूर्वतयारीसाठी किंवा आवडीच्या विषयांसाठी असतात.

पदव्यांमधला फरक न्यूयॉर्क राज्याच्या नियमांत सर्वांत स्वच्छ दिसतो. तिथे असोसिएट इन आर्ट्समध्ये किमान तीन चतुर्थांश अभ्यास लिबरल आर्ट्स आणि विज्ञानांचा असावा लागतो, असोसिएट इन सायन्समध्ये निम्मा, तर व्यवसायाभिमुख असोसिएट इन अप्लाइड सायन्समध्ये एक तृतीयांश. कामाच्या पदवीतही एक तृतीयांश वाटा माणूस आणि जग समजून घेण्यासाठी राखून ठेवला आहे. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. रेडिओलॉजीचा तंत्रज्ञ किंवा हॉटेलचा व्यवस्थापक यालाही निबंध लिहिता यावा, आकडेवारी वाचता यावी, आपल्या समाजाचा इतिहास माहीत असावा, असा आग्रह कायद्याने धरलेला आहे.

या साच्यात सर्वांत जास्त वजन निबंधलेखनाला आहे. पहिल्या अभ्यासक्रमात स्वतःचे म्हणणे मांडायला, दुसऱ्या अभ्यासक्रमात इतरांचे लेखन वाचून, पुरावे तपासून, स्रोतांचा उल्लेख करून युक्तिवाद करायला शिकवतात. मसुदा लिहायचा, शिक्षकाचे शेरे घ्यायचे, पुन्हा लिहायचा. घोकंपट्टीला इथे वाव उरत नाही. अटींच्या साऱ्या यादीतून एकच गोष्ट आपल्याकडे आणायची ठरली तर मी हीच आणेन, आणि ती मराठीतून आणेन.

राज्याराज्यांचे आग्रह

साचा सारखा असला तरी प्रत्येक राज्य त्यात आपला आग्रह भरते. टेक्ससमध्ये ४२ क्रेडिट्सचा सक्तीचा गाभा आहे. त्यांतली सहा अमेरिकी इतिहासाची आणि सहा शासनव्यवस्थेची. म्हणजे गाभ्याचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग नागरिक घडवण्यासाठी आहे. फ्लोरिडात ३६ क्रेडिट्स सामान्य शिक्षणाची, त्याशिवाय परकीय भाषेची आणि नागरिकशास्त्राच्या पात्रतेची अट. न्यू जर्सीत असोसिएट इन आर्ट्ससाठी सामान्य शिक्षणाची ४५ क्रेडिट्स लागतात.

कॅलिफोर्नियात २०२५ च्या शरद सत्रापासून राज्यातल्या दोन्ही सार्वजनिक विद्यापीठ व्यवस्थांसाठी ३४ क्रेडिट्सचा एकच नमुना लागू झाला आहे. त्यात इंग्रजी निबंध, चिकित्सक विचार आणि भाषण मिळून नऊ, गणिताची तीन, कला-मानव्यविद्यांची सहा, समाजशास्त्रांची सहा, प्रयोगशाळेसह विज्ञानाची सात आणि वांशिक समूहांच्या अभ्यासाची तीन क्रेडिट्स आहेत. शेवटच्या अटीचा उगम १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात झालेल्या विद्यार्थ्यांच्या दीर्घ संपात आहे. कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिनो आणि आशियाई समाजांचा इतिहास त्यांच्याच दृष्टीने शिकवला जावा, ही त्या विद्यार्थ्यांची मागणी होती. अर्ध्या शतकाने, २०२० मध्ये, ती राज्य विद्यापीठाच्या पदवीची कायदेशीर अट झाली.

एकीकडे राष्ट्राचा इतिहास आणि राज्यघटना, दुसरीकडे उपेक्षित समूहांचा इतिहास. दोन्ही आग्रहांच्या मागे राजकारण आहे आणि ते असणारच. तरुण माणसाला काय माहीत असलेच पाहिजे हा प्रश्न समाज उघडपणे भांडून सोडवतो, हे आरोग्याचे लक्षण आहे. धोका वेगळाच आहे. प्रत्येक विधिमंडळ आपली तीन-तीन क्रेडिट्स घालत गेले तर विद्यार्थ्याला निवडीसाठी जागाच उरत नाही, आणि निवड करायला शिकणे हा या शिक्षणाचा अर्धा गाभा आहे.

गणिताचा उंबरठा

सर्वांना दार खुले असले तरी कित्येक दशके आत गेल्यावर एक दुसरे दार होते. प्रवेशाच्या वेळी चाचणी व्हायची आणि तीत कमी गुण पडले की विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गांत बसवले जायचे. या वर्गांना पैसे पडत, वेळ जाई, पण पदवीसाठी एकही क्रेडिट मिळत नसे. काहींना बीजगणिताच्या अशा दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागत. त्यांतले बरेच जण पदवीच्या गणितापर्यंत पोचण्याआधीच कॉलेज सोडून जात.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन कम्युनिटी कॉलेजांत, बीजगणिताची पूर्वतयारी लागेल असे ठरलेल्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली गेली. काहींना पूर्वतयारीचे बीजगणित दिले, तर काहींना थेट कॉलेजचे संख्याशास्त्र आणि सोबत मदतवर्ग. बीजगणितात सुमारे ३९ टक्के उत्तीर्ण झाले, तर संख्याशास्त्रात ५६ टक्के. वरच्या पातळीचा विषय देऊनही जास्त मुले पास झाली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून पूर्वतयारीच्या लांब साखळ्या मोडल्या आणि विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी पदवीच्या पातळीचे इंग्रजी आणि गणित पुरे करण्याची संधी देणे कॉलेजांवर बंधनकारक केले. त्यानंतर ते पुरे करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. थेट वर्गात बसवल्यावर नापास होणाऱ्यांची काळजी कोण घेणार, हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे आणि त्याचे उत्तर मदतवर्गांना पुरेसे शिक्षक आणि पैसे देणे हेच आहे. अट कमी करण्यापेक्षा अट योग्य करणे आणि ती पुरी करायला हात देणे, हा या साऱ्या प्रयोगांचा धडा आहे.

क्रेडिट्सची गळती

आता कराराची दुसरी बाजू. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दर दहांपैकी सुमारे आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. अलीकडच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी विद्यापीठात पोचतात आणि सुमारे १६ टक्के विद्यार्थी सहा वर्षांत ती पदवी मिळवतात. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होसे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्येच लिहिले होते की, मोठी आकांक्षा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला थेट नकार न देता हळूहळू कमी उद्दिष्टावर राजी करणे हे काम ही व्यवस्था नकळत करत असते.

गळतीचे एक ठोस कारण अटींमध्येच आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात दाखवले की, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या ठिकाणी मोजली गेली नाहीत. शिकलेले विषय, दिलेले शुल्क, घालवलेली संध्याकाळ सारे वाया. यात विद्यार्थ्याचा दोष फार थोडा. एका विद्यापीठाला हवा असलेला मानसशास्त्राचा अभ्यासक्रम दुसऱ्याला चालत नाही, आणि अठरा वर्षांच्या मुलाला ते दोन वर्षे आधी कळावे अशी अपेक्षा धरली जाते.

काही राज्यांनी यावर खरे उपाय केले. फ्लोरिडाने १९७१ मध्येच राज्यव्यापी करार केला. तिथल्या असोसिएट इन आर्ट्स पदवीधराला एखाद्या राज्य विद्यापीठात प्रवेशाची हमी आहे आणि सामान्य शिक्षण पुन्हा करावे लागत नाही. राज्यभर अभ्यासक्रमांचे क्रमांकही एकच आहेत. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठी खास असोसिएट पदवी आली. साठ क्रेडिट्स पुरी केली की राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जागा आणि तिथे आणखी साठच क्रेडिट्स. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा केंद्रेही ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. कॅलिफोर्नियातल्या कूपरटिनो, फ्रीमाँट किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपापल्या राज्याची अशी माहिती नीट वाचावी. कम्युनिटी कॉलेजला दुय्यम समजून मुलाच्या डोक्यावर मोठे कर्ज घेण्याआधी पहिल्याच सत्रात तिथल्या समुपदेशकाबरोबर बसून दोन वर्षांचा आराखडा लिहून घ्यावा.

कॅफेटेरिया आणि कुरण

दुसरी टीका अभ्यासाच्या आशयावर आहे. थॉमस बेली, शॅना जॅगर्स आणि डेव्हिस जेनकिन्स यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात कम्युनिटी कॉलेजांच्या रचनेला कॅफेटेरियाची उपमा दिली. शेकडो अभ्यासक्रम मांडलेले, विद्यार्थी ताट घेऊन फिरतो, प्रत्येक रकान्यातले एक उचलतो आणि जेवणात कशाचा कशाशी मेळ नसतो. त्यांचा उपाय म्हणजे मोजक्या, आधीच जुळवलेल्या वाटा आणि सततचे मार्गदर्शन. हा उपाय आज अनेक राज्यांनी स्वीकारला आहे. वाटा फार अरुंद झाल्या तर अनपेक्षित विषयाची ओढ लागण्याची शक्यता कमी होते, हे खरे. पण आईवडिलांपैकी कोणीच कॉलेज पाहिलेले नाही अशा मुलाला शेकडो पर्यायांत एकटे सोडण्याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेजवळच्या वाळवंटातले डीप स्प्रिंग्ज कॉलेज आहे. वीजउद्योजक एल. एल. नन यांनी ते १९१७ मध्ये स्थापन केले. तीसहून कमी विद्यार्थी, दोन वर्षे, शिक्षण आणि राहणे-जेवण विनाशुल्क. विद्यार्थी गुरांचे कुरण सांभाळतात, लसूणघास पिकवतात, स्वयंपाक करतात, आठवड्याला साधारण वीस तास श्रम करतात. नव्या विद्यार्थ्यांची निवड आणि शिक्षकांची नेमणूक यांत त्यांचा आवाज असतो. २०१८ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. सक्तीच्या विषयांत निबंधलेखन आणि भाषण एवढ्यांचाच मुख्य आग्रह. बाकी विषय विद्यार्थी आणि शिक्षक मिळून ठरवतात. हा नमुना लाखो विद्यार्थ्यांना लावता येणार नाही. तरी तो एक गोष्ट सिद्ध करतो. विद्यार्थ्यांवर खरी जबाबदारी टाकली आणि शिक्षक हाताशी असले, तर अटींची यादी आखूड करता येते. मोठ्या संस्थेत ही जवळीक नसते, म्हणून तिथे यादी लांबते.

आपल्या दारातला प्रश्न

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी शिक्षणाला टप्पे दिले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ही चौकट आली आणि २०२४-२५ पासून ती संलग्न महाविद्यालयांतही लागू झाली. दोन वर्षांच्या पदविकेसाठी किमान ८० क्रेडिट्स आणि बाहेर पडणाऱ्यासाठी चार क्रेडिट्सचे कौशल्यशिक्षण लागते. राष्ट्रीय आराखड्यात एक क्रेडिट तीस तासांचे धरले आहे. म्हणजे आपले ८० क्रेडिट्सचे २,४०० तास आणि अमेरिकेचे ६० क्रेडिट्सचे २,७०० तास जवळपास सारखे आहेत. आकडा मोठा म्हणून शिक्षण जास्त, असा समज करून घेऊ नये.

आपल्या चौकटीत चांगल्या गोष्टी आहेत. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचे घ्यावे लागते, क्रेडिट बँकेत कमावलेली क्रेडिट्स जपली जातात, बाहेर पडलेल्याला तीन वर्षांत परत येता येते. पण या दोन वर्षांचा आराखडा लांब पदवीचा तुकडा म्हणून झाला आहे, स्वतःत पुरे असे शिक्षण म्हणून झालेला नाही. हार्पर यांच्या शिकागोत सुरू झालेली अडचण आपण तशीच उचलली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत एकदा तरी संख्याशास्त्र करावे, प्रयोगशाळेत एक प्रयोग स्वतः करून पाहावा, प्रत्येकाने मराठीतून पुराव्यानिशी युक्तिवादाचे चार-पाच दीर्घ निबंध लिहून, तपासून घेऊन, पुन्हा लिहावेत, असा नेमका आग्रह त्यात नाही. पदविका घेऊन थांबलेल्या गडचिरोलीच्या किंवा माणगावच्या मुलीला नंतर दुसऱ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बसायचे असेल, तर तिची सर्व क्रेडिट्स विनाअट मोजली जातील, अशी राज्यव्यापी लेखी हमीही तिच्या हाती असायला हवी.

अमेरिकेने ही हमी लिहायला सत्तर वर्षे घेतली आणि तीही सगळ्या राज्यांनी अजून लिहिलेली नाही. त्या विलंबाची किंमत गरीब घरातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या वर्षांनी मोजली. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी, अभ्यास मंडळांनी आणि उच्च शिक्षण विभागाने दोन कामे आत्ताच हाती घ्यावीत. दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला काय आलेच पाहिजे याची आखूड, ठाम यादी करावी, आणि ती पुरी करणाऱ्याचे एकही क्रेडिट राज्यात कुठेही नाकारले जाणार नाही, असे नियमात लिहावे. ही दोन कामे झाली नाहीत तर दुसऱ्या वर्षानंतरचे दार फक्त बाहेर जाण्याचे दार ठरेल.